शोषणारी नळी, भरवणारी नळी

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर जॉन आल्फ्रेड राइल यांनी १९२१ साली एका बारीक रबरी नळीचं वर्णन प्रसिद्ध केलं. पोटातलं आम्ल मोजायला ती हवी होती. रोग्याला ओटची पातळ पेज द्यायची, नळी जठरात राहू द्यायची आणि ठरावीक वेळाने पिचकारीने थोडा थोडा रस वर ओढून तपासायचा, एवढंच तिचं काम. त्याच साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या अब्राहम लेव्हिन यांनी नाकातून घालायची नळी पुढे आणली. अमेरिकेतल्या वॉर्डांत लेव्हिन हे नाव रुजलं. आपल्याकडचं वैद्यकशिक्षण इंग्लंडच्या वळणाचं, त्यामुळे आपल्याकडे राइल टिकले. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जा किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, सिस्टरच्या तोंडी ती ‘राइल्स ट्यूब’ किंवा नुसती ‘आरटी’ असते. केसपेपरवर कधी ‘आरटी ॲस्पिरेशन’ लिहिलेलं असतं, कधी ‘आरटी फीड’. नळी तीच, नाकपुडी तीच. पहिल्या हुकमाने पोट रिकामं करायचं, दुसऱ्याने भरायचं.

स्वादुपिंडाच्या गंभीर दाहाच्या रोग्याच्या केसपेपरवरचा पहिला हुकूम पुसून तिथे दुसरा लिहायला वैद्यकाला नव्वदेक वर्षं लागली. ही कुळकथा त्या उलटलेल्या दिशेची आहे. मला ती महत्त्वाची वाटते, कारण जुन्या हुकमामागे अडाणीपणा अजिबात नव्हता. त्यामागे विसाव्या शतकातल्या शरीरशास्त्राचा एक अतिशय देखणा शोध उभा होता.

आधी आजाराविषयी. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पडलेलं असतं. वजन जेमतेम शंभर ग्रॅम, पण रोज लिटर-दीड लिटर पाचकरस ते लहान आतड्याच्या तोंडाशी ओततं. मांस, चरबी, पिष्ट हे सगळं पचवणारी द्रव्यं त्या रसात असतात. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडात निद्रिस्त रूपात तयार होतं आणि आतड्यात पोचल्यावर जागं होतं. पित्ताशयातला एखादा खडा घसरून नलिकेच्या तोंडाशी अडकला, किंवा दारूने पेशी दुखावल्या, की ते जागच्या जागी जागं होतं आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. प्रागच्या हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये ही स्वपचनाची कल्पना मांडली. त्याआधी १८८९ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराची लक्षणं आणि शवविच्छेदनात दिसणाऱ्या खुणा एकत्र मांडून त्याला ओळख दिली होती. अपेंडिक्सच्या दुखण्याची नीट ओळख करून देणारेही हेच फिट्झ. १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये यूजीन ओपी यांना शवविच्छेदनात नलिकेच्या तोंडाशी अडकलेला खडा सापडला आणि पित्ताच्या खड्यांशी असलेलं नातं उघड झालं.

वरच्या पोटात पट्ट्यासारखी कळ, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत, माणूस पुढे वाकून बसतो. बहुतेकांचा आजार आठवड्याभरात शमतो. साधारण पाचातल्या एकाचा मात्र बिघडतो. स्वादुपिंडाचा काही भाग मरतो, रक्तवाहिन्या पाझरू लागतात, मूत्रपिंड आणि फुप्फुसं दमतात. लीड्सचे शल्यविशारद बर्कली मॉयनिहन यांनी १९२५ मध्ये पोटातल्या अवयवांवर येणाऱ्या संकटांत सर्वांत भयंकर म्हणून याच आजाराकडे बोट दाखवलं. लीड्स हे गाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

नळीने भरवण्याची कला याहून पुष्कळ जुनी आहे. १७९० मध्ये लंडनच्या जॉन हंटर यांनी गिळता न येणाऱ्या एका रोग्यासाठी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीवर ईल माशाचं कातडं चढवून नळी बनवली, तिला प्राण्याचं मूत्राशय पिशवीसारखं जोडलं आणि फेटलेली अंडी, दूध, साखर, वाइन असे पातळ पदार्थ त्यातून पोटात पोचवले. तो माणूस बरा झाला आणि पुन्हा गिळू लागला. तरीही पुढची शंभर वर्षं डॉक्टरांचा कल गुदमार्गाने अन्न देण्याकडेच राहिला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर जुलै १८८१ मध्ये गोळी झाडली गेली, तेव्हा त्यांनाही मांसाचा अर्क आणि दारू याच वाटेने दिली गेली. मोठं आतडं असं अन्न शोषून घेत नाही. गारफिल्ड खंगत गेले आणि सप्टेंबरमध्ये वारले. न्यूयॉर्कच्या मॅक्स आइनहॉर्न यांनी १९१० मध्ये टोकाशी वजन लावलेली बारीक नळी जठराच्या पलीकडे, थेट लहान आतड्याच्या सुरुवातीला नेऊन अन्न द्यायला सुरुवात केली. म्हणजे राइल आणि लेव्हिन यांच्या नळ्या येण्याआधीच आतड्यात अन्न कसं पोचवायचं हे ठाऊक होतं. साधनाची अडचण नव्हती. अडचण एका सिद्धांताची होती.

तो सिद्धांत जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जन्मला. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टारलिंग यांनी भूल दिलेल्या एका कुत्र्याच्या लहान आतड्याचा तुकडा त्याच्या सगळ्या मज्जातंतूंपासून मोकळा केला. रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. मग त्या तुकड्यात थोडं आम्ल सोडलं. मज्जातंतू तुटलेले असतानाही दूरच्या स्वादुपिंडातून रसाचे थेंब पडू लागले. म्हणजे आतड्याच्या अस्तरातून काहीतरी रक्तात मिसळून स्वादुपिंडाला हुकूम देत होतं. त्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. मानवाला सापडलेला हा पहिला संप्रेरक-संदेश. पुढे १९४३ मध्ये हार्पर आणि रेपर यांनी दुसरा संदेश शोधला. अन्न लहान आतड्यात उतरलं की तो स्वादुपिंडाला पाचकद्रव्यं ओतायला लावतो.

आता रोग्याच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरची विचारसरणी पाहा. जठरातलं आम्ल खाली उतरलं की स्वादुपिंड रस सोडतं. अन्न उतरलं तर आणखी सोडतं. आणि हा रसच स्वादुपिंडाला खातो आहे. मग अन्न बंद करा, पाणी बंद करा, आणि आम्लाचा थेंबही खाली जाऊ नये म्हणून नाकातून नळी घालून जठर सतत कोरडं ठेवा. जळणाऱ्या अवयवाला विश्रांती द्या. त्या काळच्या माहितीवर तोललं तर मला या युक्तिवादात एक दुवासुद्धा ढिला दिसत नाही. म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. आजारपणात लंघनावर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या घरांनाही तो पटत आला आहे. दुखऱ्या पोटाला रिकामं ठेवावं, हे सांगायला कुणा स्टारलिंगची गरज पडत नाही.

त्यामुळे जगभरच्या वॉर्डांत एकच क्रम रुजला. तोंडावाटे काही नाही, राइल्स ट्यूब, दर काही तासांनी पिचकारीने ओढलेला हिरवट रस मोजून लिहायचा, आणि शिरेतून सलाईन. रोगी पाणी मागत राहायचा, आणि आपण ओठांना ओला कापूस लावायचा. त्यात विश्रांतीची औषधंही आली. आम्ल आणि रस कमी करणारं अट्रोपिन, ट्रिप्सिनला अडवणारं ॲप्रोटिनिन, ग्लुकागॉन, नंतर सोमॅटोस्टॅटिन. सगळ्यांचा तर्क तोच होता. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने अनेक रुग्णालयांत घेतलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल १९७७ मध्ये आला. ग्लुकागॉन किंवा ॲप्रोटिनिन दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. त्याच दशकात काहींनी त्याहून साधा प्रश्न विचारला, की ही शोषणारी नळी तरी लागते का? १९७४ मध्ये अमेरिकेतून आणि १९७८ मध्ये बेल्जियममधून चाचण्या प्रसिद्ध झाल्या. सौम्य आजारात नळीने जठर रिकामं ठेवलेल्या रोग्यांची दुखणी लवकर थांबली नाहीत, ते लवकर घरीही गेले नाहीत. नळीने नाक मात्र सोलवटत होतं. सिद्धांताला तडा गेला होता, पण त्या तड्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

या काळात रोग्याच्या शरीरात काय चाललं होतं? गंभीर दाहात शरीर भाजलेल्या माणसासारखं पेटतं. स्नायूंतली प्रथिनं झपाट्याने तुटून इंधनाला लागतात. दोन-तीन आठवडे उपाशी राहिलेला रोगी ओळखू येऊ नये इतका वाळायचा, खांद्यांची हाडं वर यायची. जखमा भरायला आणि जंतूंशी झुंजायला लागणारा ऐवजच शरीरात उरायचा नाही. डॉक्टरांना हे दिसत होतं, पण तोंडातून अन्न देण्याची भीती मोठी होती. म्हणून १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाहून आलेली बातमी त्यांना देणगीच वाटली. पेनसिल्वेनिया विद्यापीठात स्टॅनली डुड्रिक आणि जोनाथन रोड्स यांनी बीगल जातीची पिल्लं केवळ मोठ्या शिरेतून साखर, अमिनो आम्लं आणि क्षार देऊन वाढवून दाखवली. त्यानंतर अन्न अजिबात न पचू शकणाऱ्या एका तान्ह्या मुलीलाही त्यांनी या मार्गाने पोसलं. त्याच दशकात स्वीडनच्या अरविद व्रेटलिंड यांनी शिरेतून देता येणारी चरबी बाजारात आणली. आता रोगी उपाशी राहणार नव्हता आणि स्वादुपिंडालाही काम पडणार नव्हतं. शिरेतून अन्न, म्हणजे टीपीएन, हा दाहाच्या रोग्याचा सर्वमान्य उपाय झाला.

१९८७ मध्ये अमेरिकन शल्यविशारद हॅरी सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपाय तपासला. ५४ रोग्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत वाटलं. एका गटाला सुरुवातीपासून शिरेतून अन्न, दुसऱ्याला फक्त सलाईन. अन्न मिळालेला गट लवकर बरा झाला नाही. उलट शिरेत राहिलेल्या नळीतून रक्तात जंतू शिरण्याचं प्रमाण त्याच गटात जास्त आढळलं. इन्सुलिनही स्वादुपिंडातच बनतं आणि दाहात तेही अडचणीत असतं, त्यामुळे रक्तातली साखर भडकायची आणि जंतूंना ती पोषकच.

खरा उलगडा स्वादुपिंडाकडे पाहून झालाच नाही. तो आतड्याकडे पाहिल्यावर झाला. गंभीर दाहाचे रोगी दोन लाटांत दगावतात, हे वॉर्डातल्या अनुभवी लोकांना ठाऊक होतं. पहिली लाट पहिल्या आठवड्यात, अवयव एकामागोमाग बंद पडतात तेव्हा. दुसरी लाट पंधरा-वीस दिवसांनंतर, मेलेल्या स्वादुपिंडात पू होतो तेव्हा. त्या पुवात कोणते जंतू सापडतात? ई. कोलाय, क्लेबसिएला, एन्टरोकोकस. हे सगळे आपल्याच आतड्यातले रहिवासी. लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात आणि त्यांना त्यांचा बराचसा खुराक रक्तातून येत नाही, समोरून वाहणाऱ्या अन्नातून मिळतो. अन्न बंद केलं की अस्तर पातळ होतं, पेशींमधल्या फटी रुंदावतात, आतड्याची हालचाल मंदावते, जंतू वाढतात. त्यातच दाहाच्या धक्क्याने आतड्याकडे रक्त कमी जातं. मग जंतू आणि त्यांची विषं भिंत ओलांडून आत येतात. म्हणजे दोषी अवयवाला विश्रांती देण्यासाठी आपण त्याच्या शेजारच्या निरपराध अवयवाला उपाशी मारत होतो, आणि त्याच अवयवाची भिंत रोग्याला दुसऱ्या लाटेपासून वाचवणार होती. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत हळहळ लावणारी गोष्ट हीच आहे.

पण रसाचं काय? अन्नाने स्वादुपिंड चेतवलं जाईल ही भीती कशी जायची? तिथे एक जुना प्रयोग कामी आला. १९७३ मध्ये रेगिन्स आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर दाखवलं होतं, की लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला अन्न न देता ते पुढे मध्यभागात सोडलं, तर स्वादुपिंड फारसं उत्तेजित होत नाही. त्या मध्यभागाच्या तोंडाशी एक छोटा पट्टा आतड्याला धरून ठेवतो. त्याच्या पलीकडे नळीचं टोक नेलं की काम साधायचं. म्हणून दुर्बिणीने किंवा क्ष-किरणाखाली बारीक लांब नळी नाकातून तिथवर सरकवायची पद्धत आली. तिचं इंग्रजी लघुरूप ‘एनजे’. आता सिद्धांत न मोडता अन्न देण्याची वाट सापडली होती. एखाद्या रूढीला फाटा देताना माणसं बहुतेक वेळा अशीच जातात. आधी रूढीच्या कुंपणाच्या आतून.

१९९७ आणि १९९८ ही या कुळकथेतली दोन निर्णायक वर्षं. ग्रीसमधल्या पात्रा शहराच्या विद्यापीठात काल्फारेंत्झोस आणि सहकाऱ्यांनी गंभीर आजाराचे ३८ रोगी घेतले. ४८ तासांच्या आत निम्म्यांना नळीने आतड्यात अन्न, निम्म्यांना शिरेतून. नळीच्या गटात जंतुसंसर्ग आणि एकूण गुंतागुंती कमी झाल्या, आणि शिरेतल्या अन्नाचा खर्च तिप्पट निघाला. त्याच वर्षी अमेरिकेत लुइव्हिलच्या स्टीफन मॅक्लेव्ह यांनी सौम्य आजारात नळीचं अन्न सुरक्षित असून कितीतरी स्वस्त असल्याचं दाखवलं. आणि १९९८ मध्ये मॉयनिहन यांच्या लीड्समधून विंडसर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. रोगी अवघे ३४. पण त्यांनी मोजलं ते फार नेमकं मोजलं. रक्तातला सीआरपी, म्हणजे दाहाचं मोजमाप, नळीच्या गटात आठवड्याभरात १५६ वरून ८४ वर आला. शिरेतून अन्न घेणाऱ्या गटात तो हटला नाही. आतड्यातल्या जंतूंच्या विषाविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती शिरेच्या गटात वाढली आणि नळीच्या गटात जवळपास तशीच राहिली. भिंत कुठे गळत होती आणि कुठे शाबूत होती, हे त्या एका आकड्यातून कळत होतं. ज्या गावात या आजाराला पोटातलं सर्वांत मोठं संकट म्हटलं गेलं होतं, तिथूनच त्याच्यावरची नजर बदलली.

मग एकामागोमाग छोट्या चाचण्या होत गेल्या. २०१० मध्ये, चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रन समूहाने त्यांतल्या आठ चाचण्यांचे ३४८ रोगी एकत्र मोजले. नळीने अन्न मिळालेल्यांत मृत्यूचा धोका शिरेच्या गटाच्या निम्मा निघाला. दरम्यान पिट्सबर्गच्या स्टीफन ओकीफ यांनी रोग्यांच्या आतड्यातच पाचकद्रव्यं मोजली. दाह जितका गंभीर, तितकं स्वादुपिंड कमी रस ओततं. आजारी ग्रंथी मुळात बरंचसं काम थांबवूनच बसलेली असते. १९०२ चा कुत्रा निरोगी होता आणि आपले रोगी आजारी. त्या साध्या फरकाकडे एवढ्या वर्षांत पुरेसं लक्ष गेलं नव्हतं.

आता कुंपण ओलांडायची पाळी आली. आतड्याच्या मध्यापर्यंत नळी न्यायला दुर्बीण लागते, ती चालवणारा तज्ज्ञ लागतो, नळी निसटली तर पुन्हा सगळा खटाटोप. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत ईटॉक आणि सहकाऱ्यांनी धाडस केलं. त्यांनी नाकातून घातलेली नळी जठरातच ठेवली आणि तिच्यातून अन्न दिलं. सिद्धांताच्या दृष्टीने हे आगीत तेल होतं. २००५ मध्ये आलेल्या त्यांच्या ४९ रोग्यांच्या तुलनेत मात्र जठरातली नळी लांब नळीइतकीच निभावली. वेदना वाढल्या नाहीत, दाह भडकला नाही. लगेच २००६ मध्ये दिल्लीच्या एम्समधून तीसेक गंभीर रोग्यांवर हीच तुलना आली, आणि तिथल्याच मंडळींनी २०१२ मध्ये ७८ रोग्यांवर ती पुन्हा करून दाखवली. जठरातली नळी लांब नळीपेक्षा उणी पडली नाही.

या भारतीय कामाचं मोल मला फार मोठं वाटतं. लांब नळी घालायची सोय मोजक्या शहरांत आहे. टीपीएनची पिशवी महाग आणि ती जंतूंपासून सांभाळणं त्याहून अवघड. राइल्स ट्यूब मात्र जिल्हा रुग्णालयातही मिळते आणि तिथल्या सिस्टर ती दिवसाला अनेकदा घालतात. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाखालच्या टोकापर्यंत लांबी मोजायची, घोट गिळायला सांगत नळी सरकवायची, आणि ती फुप्फुसात गेली नाही ना हे क्ष-किरणाने पाहायचं. खाट डोक्याकडून तीस ते पंचेचाळीस अंश वर करायची. पहिल्या तासाला वीसेक मिलिलिटर, मग सोसेल तसं वाढवायचं. अन्न कोणतं हाही प्रश्न पुढे हलका झाला. आधी पचवून ठेवलेली महागडी पावडरच लागते, असं वाटत होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित पाहणीत साध्या पोषणद्रवाचेही परिणाम तसेच आले.

याच वाटेवर एक दुःखद वळण आहे, आणि ते वगळून ही कथा सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. आतड्यातले वाईट जंतूच भिंत ओलांडतात, तर चांगले जंतू नळीतून सोडून त्यांना हटवावं, असा विचार आला. प्रोबायोटिक म्हणजे निरुपद्रवी, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. नेदरलँडमधल्या पंधरा रुग्णालयांनी मिळून २९८ रोग्यांवर हे करून पाहिलं. २००८ मध्ये निकाल आला. संसर्ग कमी झाला नाही. मृत्यू मात्र प्रोबायोटिकच्या गटात १६ टक्के आणि दुसऱ्या गटात ६ टक्के. त्या गटातल्या नऊ रोग्यांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला आणि त्यांतले आठ दगावले. दुसऱ्या गटात असं एकही प्रकरण नव्हतं. डच संशोधकांनी हे लपवलं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते जगापुढे ठेवलं आणि गंभीर आजारात असा प्रयोग टाळायला सांगितलं. आतड्याची भिंत आधीच रक्ताला तहानलेली असते तेव्हा तिच्यावर कोणताही भार टाकताना हात थरथरायला हवा, हा धडा तिथे फार मोठ्या किमतीला मिळाला.

याच डच गटाने मग ‘लवकर’ या अटीचीच परीक्षा घेतली. नळीने लवकर भरवलं की भिंत वाचते, तर चोवीस तासांच्या आत सर्वांनाच नळी का घालू नये? १९ रुग्णालयांतल्या २०८ रोग्यांची ही चाचणी २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली. सगळेच गंभीर होण्याची शक्यता असलेले. एका गटाला चोवीस तासांत नळी. दुसऱ्या गटाला तिसऱ्या दिवशी तोंडाने जेवण देऊन पाहायचं, आणि चौथ्या दिवसापर्यंत जमलं नाही तरच नळी. मोठा संसर्ग किंवा मृत्यू पहिल्या गटात ३० टक्के, दुसऱ्यात २७ टक्के. म्हणजे फरक नाही. आणि दुसऱ्या गटातल्या ६९ टक्के रोग्यांना नळी लागलीच नाही, त्यांनी आपल्या हाताने खाल्लं. सौम्य आजारात तर २००७ मध्येच स्वीडनच्या एका चाचणीने लगेच जेवायला दिलेले रोगी लवकर घरी जातात हे दाखवलं होतं, आणि २००८ मध्ये भारतातल्या एका चाचणीने पहिल्या घासालाच निव्वळ पाण्यासारख्या पदार्थांऐवजी मऊ जेवण देऊन तेच सिद्ध केलं.

मी हे निकाल नळीचा पराभव मानत नाही. ज्याला गिळता येतं, ज्याला भूक लागली आहे, त्याच्या नाकात नळी घालण्यात काही पुण्य नाही. अन्न आतड्यात पोचणं महत्त्वाचं आहे, ते कोणत्या वाटेने पोचतं हे नंतर. डच चाचणीतल्या दोन्ही गटांना पहिल्या चार दिवसांत अन्न मिळालं होतं, आठवडाभर लंघन कुणालाच घडलं नव्हतं. तरीही आजसुद्धा काही ठिकाणी ‘पेशंटला पाण्याचा थेंबही नको’ असं सांगून नातेवाइकांना आठ-आठ दिवस परत पाठवलं जातं, हे मला सहन होत नाही. खाटेशी बसलेली आई किंवा बायको रोज विचारते, यांना खायला कधी द्यायचं? ती भाबडी नाही. शंभर वर्षांच्या चुकीच्या सिद्धांतापुढे तिचाच प्रश्न बरोबर ठरला आहे.

युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या ‘एस्पेन’ या संघटनेने २०२० मध्ये दिलेला सल्ला आता बहुतेक ठिकाणी मानला जातो. ज्याला खाता येतं त्याला लवकरात लवकर तोंडाने द्यावं. ज्याला जमत नाही, किंवा जो व्हेंटिलेटरवर आहे, त्याला २४ ते ७२ तासांत नळीने, आणि आधी जठरातल्याच नळीने. पोट ते टिकवू देत नसेल, उलट्या होत असतील, तर लांब नळी. गंभीर रोग्याच्या पोटाच्या आतला दाब मूत्राशयातल्या नळीतून मोजतात. तो पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या वर गेला तर लांब नळीने तासाला २० मिलिलिटरपासून हळूहळू सुरुवात करायची, आणि २० च्या वर गेला तर अन्न तात्पुरतं थांबवून शिरेकडे वळायचं. दाब उतरला की सिस्टर पुन्हा नळीचा चाप उघडतात आणि वीस मिलिलिटरपासून मोजायला लागतात.